मराठी मिडियममधून एनडीएच्या इंग्रजीची तयारी कशी करायची

औसा तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आलाय. सध्या लातूरला अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत सगळं मराठी मिडियम, एनडीए म्हणजे बारावीनंतर फौजेत अधिकारी व्हायची परीक्षा द्यायचीय, गणिताचं टेन्शन नाही पण इंग्रजीत 50 पैकी 18-20 च्या वर बरोबर येत नाहीत. रोज 30 शब्द पाठ करते आणि आठवड्यानं त्यातले चारदोनही आठवत नाहीत. व्याकरणाचं पुस्तक कोणतं घेऊ, स्पेलिंग आणि विरामचिन्हांवर वेळ घालवू का, आणि स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का, असं तिनं विचारलंय. मी बरीच वर्षं मराठवाड्यातल्या पोरापोरींना याच पेपरचं इंग्रजी शिकवतोय म्हणून जरा सविस्तरच लिहितो, तिच्यासारखे बाकीचे वाचतील त्यांनाही कामाला येईल.

बाळा, आधी पेपरचा हिशोब नीट बघ. गणिताचा पेपर 300 मार्कांचा, त्यात 120 प्रश्न, म्हणजे एक प्रश्न अडीच मार्कांचा. जनरल अॅबिलिटीचा पेपर 600 चा, त्यातलं 200 मार्कांचं नुसतं इंग्रजी, 50 प्रश्न, एकेक 4 मार्कांचा. म्हणजे इंग्रजीचा एक प्रश्न बरोबर आला की गणिताच्या दीड प्रश्नापेक्षा जास्त मिळतात, आणि वेळ किती, तर तुझा नियम पक्का असला तर अर्धा मिनिट. आपल्याकडची पोरं गणित-फिजिक्सला दिवसाचे सहा तास देतात आणि इंग्रजीला झोपायच्या आधी वीस मिनिटं, तेही पेंगत. तिथंच गणित फिसकटतं. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश म्हणजे 1.33 मार्क कापतात हेही लक्षात ठेव, त्याच्यावर पुढं बोलतो.

आता मूळ मुद्दा. तू व्याकरणाचं जाड पुस्तक आणून पहिल्या पानापासून नाऊन, प्रोनाऊन असं वाचत सुटू नको. सगळे असंच करतात आणि टेन्सपर्यंत जाईपर्यंत दम संपतो. मराठी मिडियमच्या पोराच्या चुका कुठंही होत नाहीत, त्या ठरलेल्या दहा-बारा जागांवरच होतात, आणि त्या तिथंच का होतात तर आपण वाक्य मनात मराठीत जुळवतो आणि त्यावर इंग्रजी शब्द चढवतो. त्या जागा एकदा सापडल्या की अभ्यास निम्म्यावर येतो.

त्या शोधायच्या कशा? यूपीएससीच्या वेबसाइटवर एनडीएचे जुने पेपर फुकट आहेत, उतरवून घे. एका रविवारी एका पेपरचे इंग्रजीचे 50 प्रश्न घड्याळ लावून सोडव. मग एक दोनशे पानी वही घे, तिचं नाव चुकांची वही. जे चुकलं ते अख्खं वाक्य तिथं उतरवायचं, मी काय टिक केलं, बरोबर काय होतं, आणि शेवटी मला तसं का वाटलं हे मराठीत दोन ओळी. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि पोरं नेमकी तीच गाळतात. जे अंदाजानं बरोबर आलं तेही वहीत आलं पाहिजे, कारण पुढच्या वेळी तो अंदाज चुकू शकतो. चार-पाच पेपर असे झाले की वही चाळ, तुलाच दिसेल की त्याच त्या जागांवर पाय घसरायलाय.

त्यातल्या नेहमीच्या जागा मीच सांगतो. मराठीत आपण म्हणतो ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब’, यात ‘नाही’ आहे, म्हणून पोरं इंग्रजीत ‘अनटिल ही डज नॉट कम’ लिहितात. इंग्रजीत तो नकार ‘अनटिल’च्या पोटातच असतो, ‘वेट अनटिल ही कम्स’. ‘अनलेस’चंही तेच. मग ‘जरी... तरी’. आपली सवय दोन्हीकडं शब्द लावायची, म्हणून ‘ऑल्दो’ आला की पुढं ‘बट’ येतोच येतो, आणि पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. एकच ठेवायचा. ‘पाऊस आला तर पेरू’ याचं ‘इफ इट विल रेन’ होत नाही, ‘इफ इट रेन्स, वी विल सो’ असंच होतं, ‘विल’ फक्त दुसऱ्या भागात. ‘मी दोन वर्षांपासून लातूरला राहते’ हे मराठीत वर्तमानकाळात आहे म्हणून ‘आय अॅम लिव्हिंग इन लातूर सिन्स टू इयर्स’ असं तोंडात येतं, त्यात एकदम दोन चुका आहेत, पाहिजे ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर फॉर टू इयर्स’. कधीपासून सुरू झालं ती वेळ सांगायची असेल तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’.

‘परीक्षेविषयी चर्चा केली’ यातला ‘विषयी’ आपल्याला सोडवत नाही म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’ होतं. ‘डिस्कस’, ‘रीच’, ‘रिझेंबल’, ‘मॅरी’ यांना पुढं काही चिकटवायचं नाही, थेट नाम. उलट ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ यांच्यापुढं ‘दॅन’ नाही, ‘टू’. ‘तो कुठं आहे ते सांग’ याचं ‘टेल मी व्हेअर इज ही’ नाही, ‘टेल मी व्हेअर ही इज’, कारण प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याची उलटापालट संपते.

आर्टिकल ही तर आपल्याला परकीच गोष्ट, मराठीत ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ असलं काहीच नाही, म्हणून ते नसलं तरी आपल्या कानाला खटकत नाही. इथं कान उपयोगाचा नाही, डोळा लावावा लागतो. वाक्यातलं प्रत्येक नाम बघायचं, एकटं मोजता येणारं नाम असेल आणि पुढं ‘माय’, ‘धिस’ असलं काही नसेल तर आर्टिकल पाहिजेच. ‘अ’ की ‘अॅन’ हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं, म्हणून ‘अॅन एनसीसी कॅडेट’, ‘अॅन ऑनेस्ट ऑफिसर’, पण ‘अ युनिफॉर्म’, ‘अ युनिव्हर्सिटी’. नदीला ‘द’ लागतो, ‘द गोदावरी’, ‘द मांजरा’, गावाला लागत नाही. आणि ‘इन्फर्मेशन’, ‘अॅडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’ यांचं अनेकवचन करायचं नाही, आपण सगळेच ‘इन्फर्मेशन्स’ म्हणून बसतो.

एक जागा मात्र जरा थांबून बघू, कारण चुका शोधायच्या प्रश्नात सगळ्यात जास्त मार्क इथं जातात. समजा वाक्याचे तुकडे असे आहेत, ए: ‘द कंडिशन ऑफ द रोड्स’, बी: ‘लीडिंग टू अवर व्हिलेज’, सी: ‘हॅव बिकम वर्स धिस इयर’, डी: ‘नो एरर’. पोरं हमखास डी ला टिक करतात, कारण वाचताना ‘रोड्स’ ऐकू आलेलं असतं, अनेकवचन आहे, मग ‘हॅव’ बरोबरच वाटतं. पण वाईट काय झालंय, रस्ते की अवस्था? कर्ता ‘कंडिशन’ आहे, एकवचन, म्हणून ‘हॅज’. उत्तर सी. यात मराठीची सवय कशी आड येते बघ. आपण म्हणतो ‘तिनं भाकरी खाल्ली’, ‘तिनं आंबा खाल्ला’. खाणारी तीच, पण क्रियापद भाकरीप्रमाणं आणि आंब्याप्रमाणं बदललं. आपल्या भाषेत क्रियापद कधी कर्त्याचं ऐकतं कधी कर्माचं, आणि बहुतेक वेळा ज्याचं ऐकतं ते नाम त्याच्या शेजारीच बसलेलं असतं. इंग्रजीत ते फक्त कर्त्याचं ऐकतं, मग कर्ता किती का लांब असेना. म्हणून माझ्याकडच्या पोरांना मी पेन्सिल धरायला लावतो, आधी मुख्य क्रियापदाखाली रेघ, मग ‘कोण?’ असं विचारत मागं जायचं, मधलं ‘ऑफ’पासूनचं सगळं कंसात टाकायचं, आणि उरलेले दोनच शब्द एकमेकांना लावून बघायचे, ‘कंडिशन हॅव’ की ‘कंडिशन हॅज’. ‘अलाँग विथ’, ‘अॅज वेल अॅज’ आलं तरी हेच, पहिलं नाम धर. ‘नायदर... नॉर’ आलं तर मात्र जवळचं नाम. ‘वन ऑफ’च्या पुढं नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी, ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज’. पंधरा दिवस रोज दहा वाक्यांवर पेन्सिल चालवली की पुढं पेन्सिल लागत नाही, नुसत्या नजरेनं कर्ता दिसतो.

आणि हे सगळं वाचून मनात येईल की मराठी मिडियममुळं आपण मागं राहिलो, तर तसं डोक्यात घेऊ नको. 1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, आपल्या आजा-पणज्यांच्या पिढीतले जे शाळा शिकले त्यातले कित्येक घरात मराठी बोलून शाळेत उर्दूतून शिकले, आणि शिकून वकील-मास्तर झालेच. तुला मराठीचं व्याकरण आतून येतं, म्हणून फरक कुठं आहे ते तुला बोट ठेवून दाखवता येतं, घोकंपट्टी करणाऱ्याला ते येत नाही.

स्पेलिंगचं विचारलंस. एनडीएत ‘बरोबर स्पेलिंग ओळखा’ असा प्रश्न सहसा नसतो, एसएससीच्या म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांत असतो, आणि आपल्याकडची बहुतेक पोरं दोन्ही देतात. पण एनडीएपुरतं बघितलं तरी स्पेलिंग कच्चं असलं की शब्दच चुकीचा वाचला जातो. ‘स्टेशनरी’ दोन आहेत, शेवटी ‘ए-आर-वाय’ असेल तर स्थिर, ‘ई-आर-वाय’ असेल तर वह्या-पेनं. ‘प्रिन्सिपल’ दोन, ‘कॉम्प्लिमेंट’ दोन, ‘लूज’ आणि ‘लूझ’ दोन. देवनागरीत जसं बोलतो तसं लिहितो, म्हणून आपण इंग्रजी स्पेलिंगही कानानं लिहायला जातो आणि फसतो. ‘सेपरेट’च्या मधल्या जागी ‘ए’ आहे, ‘गव्हर्नमेंट’मध्ये ‘एम’च्या आधी ‘एन’ आहे, ‘अॅकॉमोडेशन’मध्ये दोन ‘सी’ आणि दोन ‘एम’, हे कानाला कधीच ऐकू येणार नाही. व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला आपण ‘व’च म्हणतो, तिथंही जप.

तुला फौजेत जायचंय तर फौजेचे शब्द तरी बिनचूक पाहिजेत. ‘लेफ्टनंट’ लिहिताना ‘लाय’, मग ‘यू’, मग ‘टेनंट’ असे तीन तुकडे कर, कधी चुकणार नाही. ‘कर्नल’मध्ये ‘आर’ कुठंच नाही, सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल. सैन्यातल्या ‘कोअर’चं स्पेलिंग सी-ओ-आर-पी-एस, शेवटी एक ‘ई’ वाढला की त्याचं प्रेत होतं. पुढं ‘ईडी’, ‘आयएनजी’ लावताना शेवटचं अक्षर दोनदा लिहायचं की एकदा याचा एक नियम भरवशाचा आहे, शब्दात जोर शेवटी असेल आणि शेवटच्या अक्षराआधी एकच स्वर असेल तर दोनदा, ‘ऑकर’चं ‘ऑकर्ड’ करताना दोन ‘आर’, ‘रेफर’चंही तसंच, पण ‘ऑफर’ आणि ‘व्हिजिट’मध्ये जोर सुरुवातीला म्हणून एकदाच. बाकी स्पेलिंग नुसतं वाचून येत नाही, हातानंच येतं. शब्द बघ, झाक, लिही, उघडून ताडून बघ. होस्टेलवरच्या मैत्रिणीला रोज दहा शब्दांचं डिक्टेशन घालायला लाव आणि तू तिला घाल.

विरामचिन्हांवर फार वेळ नको पण तीन गोष्टी पक्क्या कर. मराठीत ही चिन्हं आणण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडीला देतात, एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतूनच आली ती, त्यामुळं चिन्हं तुझ्या ओळखीचीच आहेत. पहिली गोष्ट अॅपॉस्ट्रॉफी. ‘इट्स’मध्ये ती असेल तर ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’, मालकी सांगायची असेल तर नाही. ‘गर्ल्स होस्टेल’मध्ये ‘एस’च्या नंतर, ‘चिल्ड्रन्स वॉर्ड’मध्ये ‘एस’च्या आधी, कारण ‘चिल्ड्रन’ आधीच अनेकवचन आहे. दुसरी, दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमानं जोडायची नाहीत, पूर्णविराम द्यायचा नाहीतर ‘अँड’, ‘बट’ घालायचं. तिसरी गोष्ट उताऱ्याच्या प्रश्नात कामाला येते. ‘माय ब्रदर, हू इज इन द आर्मी, लिव्ज इन पुणे’ असे दोन कॉमे असतील तर भाऊ एकच आहे आणि तो आर्मीत आहे ही जादाची माहिती झाली. कॉमे काढले तर अर्थ होतो की भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यातला आर्मीवाला पुण्याला असतो. उताऱ्यावरचे पर्याय असल्या बारीक फरकावर बेतलेले असतात.

आता शब्द. रोज 30 बंद कर. आठ घे, पण आठच्या आठ राहिले पाहिजेत. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सगळ्यात जास्त विसरतं, मग विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. तू आज 30 करतेस, उद्या नवे 30, कालच्यांकडं वळून बघत नाहीस, मग राहतील कसे.

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग असतोच, त्यांच्या कोऱ्या बाजूचे खेळायच्या पत्त्याएवढे तुकडे काप, हे तुझे शब्दांचे पत्ते. एका बाजूला अख्खं वाक्य लिहायचं आणि शब्दाच्या जागी रेघ, दुसऱ्या बाजूला शब्द, मराठी अर्थ, उलटा शब्द आणि त्याची बाकीची रूपं. उदाहरणार्थ ‘ही वॉज रिलक्टंट टू लीव्ह हिज व्हिलेज’, अर्थ मन होत नसलेला, उलट ‘विलिंग’, नाम ‘रिलक्टन्स’. वाक्य का, तर एनडीएत समानार्थी शब्द बहुतेक वेळा वाक्यातल्या अधोरेखित शब्दाचा विचारतात, आणि वाक्यात अर्थ बदलतो. ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडगं पाठ केलंस आणि वाक्यात ‘ग्रेव्ह सिच्युएशन’ आली तर काय करणार? ‘नॉव्हेल’ म्हणजे कादंबरी, पण ‘नॉव्हेल आयडिया’ म्हणजे नवी कल्पना.

शब्दांची मुळं शिकलीस तर एका शब्दात पाच पदरात पडतात. तुझ्या घरी शेती असेल तर कोपऱ्यात फवारणीचे डबे असतील, त्यांच्या लेबलवर बघ, ‘इन्सेक्टिसाइड’, ‘फंगिसाइड’, ‘हर्बिसाइड’. कीटक मारणारं, बुरशी मारणारं, तण मारणारं. ‘साइड’ म्हणजे मारणं हे तुला सोयाबीनच्या फवारणीमुळं माहीतच आहे, मग ‘होमिसाइड’ म्हणजे माणसाची हत्या, ‘रेजिसाइड’ म्हणजे राजाची हत्या, ‘जेनोसाइड’ म्हणजे वंशसंहार, पाठ करायची गरजच नाही. तसंच ‘बेने’ चांगलं आणि ‘माल’ वाईट, त्यातून ‘बेनेव्होलंट’ आणि ‘मालेव्होलंट’. दोन शब्दांच्या क्रियापदांना मात्र मुळं लागू पडत नाहीत, ‘पुट ऑफ’ पुढं ढकलणं, ‘पुट अप विथ’ सहन करणं, ‘कॉल ऑफ’ रद्द करणं, ‘कॉल ऑन’ भेटायला जाणं, ही वाक्यातच शिकायची, आणि वाक्प्रचारही तसेच.

नवे शब्द यादीतून घेण्यापेक्षा वाचण्यातून घे. मी पोरांना सांगतो ते असं की बातमी आधी मराठी पेपरात वाचा, मग तीच इंग्रजीत काढा. जायकवाडीचं पाणी सोडलं ही बातमी तुला मराठीत पूर्ण माहितीय, मग इंग्रजीत ‘रिझर्व्हॉयर’, ‘कॅचमेंट’, ‘डिस्चार्ज’, ‘डाउनस्ट्रीम’ डिक्शनरी न उघडता कळतील, कारण काय घडलंय ते तुला आधीच कळलेलं असतं. रोज एक बातमी, त्यातला एक परिच्छेद मोठ्यानं. मोठ्यानं वाचल्यानं आर्टिकलची आणि ‘टू’, ‘फॉर’, ‘अॅट’ची जागा हळूहळू जिभेला कळते. उताऱ्याचा सरावही यातच होतो. वाक्यांचा क्रम लावायच्या प्रश्नात पहिलं वाक्य शोध, ज्यात ‘ही’, ‘धिस’, ‘हाउएव्हर’ असं मागचं काही धरून आलेलं नसतं ते बहुधा पहिलं, आणि मग नाव आधी, सर्वनाम नंतर, एवढ्यावर बरेच सुटतात.

पुस्तकाचं म्हणशील तर कोणतंही एकच, ज्यात मागं उत्तरं आहेत, बस. ते वाचायचं नाही, चुकांच्या वहीत जी जागा निघाली तेवढंच प्रकरण उघडायचं आणि त्याचे सराव प्रश्न सोडवायचे. तीन-तीन पुस्तकं आणि टेलिग्रामवरच्या पन्नास पीडीएफ जमवणाऱ्यांचं एकही पूर्ण होत नाही. डिक्शनरी इंग्रजी-इंग्रजी पाहिजे, शिकणाऱ्यांसाठीची, उदाहरणाची वाक्यं असलेली. सकाळी ताज्या डोक्यानं तास-दीड तास दे, अर्धा तास पत्ते आणि नवे शब्द, बाकी वेळ प्रश्न.

अंदाजानं टिक करायची का, हेही पोरं नेहमी विचारतात. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर सोड, हिशोबानं अशा टिकांतून सरासरी काहीच हाती लागत नाही. एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं तर पारडं जरासं आपल्याकडं झुकतं, आणि दोन खोडता आले तर बेधडक टिक कर, तिथं दर प्रश्नामागं सरासरी 1.33 मार्क पदरात पडतात. जुने पेपर सोडवतानाच अंदाजाच्या प्रश्नापुढं खूण करत जा आणि तुझे अंदाज किती बरोबर येतात ते बघ.

राहिला स्पोकन इंग्लिशचा क्लास. लेखी परीक्षेसाठी त्याची गरज नाही, तो वेळ आणि वडिलांचे पैसे दोन्ही वाचव. बोलणं लागतं ते पुढं एसएसबीला म्हणजे लेखी पास झाल्यावर फौजेच्या निवड मंडळासमोर, तिथं ग्रुप डिस्कशन आणि इंटरव्ह्यू असतो, आणि तिथं फाडफाड बोलण्यापेक्षा स्वच्छ आणि मुद्द्याचं बोलणं जास्त चालतं. त्याची सुरुवात आत्ताच फुकटात होते. 2021 पासून मुलींना एनडीए खुली झाली तेव्हापासून लातूर-संभाजीनगरला तयारी करणाऱ्या मुली बऱ्याच दिसायल्यात, तुझ्या होस्टेलवर अजून एखादी असेलच. दोघी-तिघी मिळून रात्री मेसवरून परत येताना त्या दिवशी वाचलेली बातमी एकमेकींना इंग्रजीत सांगा, अडलात तर मधला शब्द मराठीत टाकून वाक्य पूर्ण करा, तो शब्द खोलीवर गेल्यावर बघा आणि त्याचा पत्ता बनवा.